मैदानावर नेणारा हात

वाचकहो, आपण पाहिलेला पहिला फुटबॉलचा सामना आपणांस आठवतो काय? वर्तमानपत्रात वाचलेला नव्हे, आकाशवाणीवर ऐकलेला नव्हे, दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिलेलाही नव्हे. प्रत्यक्ष मैदानाच्या कडेला बसून, अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावून पाहिलेला.

हा प्रश्न मी आजवर पुष्कळांना विचारला आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्यांना तोटा नसतो. मुंबई, कलकत्ता, कोझिकोड, दिल्ली, इंफाळ अशी माझी बिऱ्हाडे हलत गेली, आणि नव्या गावी कचेरीतील मंडळींशी ओळख वाढवावयाची तर हा प्रश्न फार उपयोगी पडतो, असे मला आढळून आले. त्यातून एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. त्या दिवशी कोण जिंकले, किती गोल झाले, हे सांगताना माणसे अडखळतात. परंतु आपल्याला मैदानावर कोणी नेले, हे मात्र प्रत्येकजण तत्काळ सांगतो. वडिलांनी, थोरल्या भावाने, शेजारच्या काकांनी, शाळेतील मास्तरांनी. पहिला सामना मनुष्य सहसा एकट्याने पाहत नाही. तो कोणाचा तरी हात धरून तेथे जातो. त्या हाताविषयी चार शब्द लिहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझ्यापुरते सांगावयाचे तर तो हात माझ्या मामांचा होता. आम्ही लालबागला चाळीत राहत असू आणि मामा गिरणीत साचेखात्यात कामाला होते. १९७२ सालची गोष्ट. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. मामांच्या गिरणीचा स्वतःचा फुटबॉल संघ होता. त्या काळी मुंबईतील गिरण्या, रेल्वे, तेलकंपन्या, सीमाशुल्क खाते अशा अनेक ठिकाणी चांगल्या खेळाडूंना नोकरी देऊन संघ बांधीत असत. त्यामुळे मैदानावर धावणारा वीर हा दुसऱ्या दिवशी आपल्याच खात्यात, आपल्याच शेजारी दिसे. रोव्हर्स चषकाच्या स्पर्धेत मामांच्या गिरणीची गाठ कलकत्त्याच्या एका नामांकित संघाशी पडली होती, आणि पहिली पाळी संपवून मामा मला कूपरेजवर घेऊन गेले.

कूपरेज हे नावच मोठे गमतीचे आहे. पूर्वी त्या भागात लाकडी पिंपे बांधणाऱ्या कारागिरांची शेड होती, तिच्यावरून ते पडले. ओव्हल मैदानाच्या बाजूने चालत जाताना मामा मला रोव्हर्स चषकाचा इतिहास ऐकवीत होते. ही स्पर्धा १८९१ साली सुरू झाली आणि आरंभी कित्येक वर्षे गोऱ्या पलटणीच तो चषक नेत असत. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो प्रथम जिंकला आणि भारतीय संघाच्या हाती तो पहिल्यांदा आला. पुढे १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद पोलिसांनी तो दुसऱ्या कोणाच्या हाती लागू दिला नाही. त्या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम. १९५१ आणि १९६२ या दोन्ही आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघांचे मार्गदर्शकही तेच. आणि सर्वांत अभिमानाने मामांनी सांगितले ते नेव्हिल डिसोझा यांचे नाव. मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या या खेळाडूने १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारताने तो सामना ४-२ असा जिंकला. ऑलिंपिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई. "त्याला मी या डोळ्यांनी पाहिलाय," मामा म्हणाले. मामांचा स्वतःचा पहिला सामना तोच होता, आणि त्यांना नेणारे होते त्यांच्या खात्यातील एक मुकादम.

पायऱ्यांवर बसलो आणि समोर पाहिले, तेव्हा पहिली जाणीव झाली ती विस्ताराची. इतकी मोठी हिरवी जागा चाळीतील मुलाने पाहिलेली नसते. दुसरी जाणीव आवाजाची. पलीकडच्या टोकाला कोणी चेंडूला लाथ मारी, ती आधी डोळ्यांना दिसे आणि तिचा आवाज क्षणभर मागाहून येई. हे इतके चमत्कारिक वाटले, की काही वेळ मी खेळ सोडून तेवढेच न्याहाळीत राहिलो. मग मामांनी माझी हनुवटी धरून मान वळविली. "चेंडू तर सगळेच बघतात," ते म्हणाले, "ज्याच्याकडे चेंडू नाही, त्याला बघ."

आमच्या बाजूच्या कडेला गिरणीचा एक खेळाडू उभा होता. बराच वेळ त्याच्याकडे चेंडू आलाच नाही. तो दोन पावले पुढे जाई, मागे येई, हात वर करी, पुन्हा कमरेवर हात ठेवून उभा राही. उत्तरार्धात एकदा तो अकस्मात आतल्या बाजूला धावत सुटला. त्याच्या मागे प्रतिपक्षाचा बचावपटू धावला, आणि त्या दोघांनी रिकाम्या केलेल्या जागेतून तिसराच खेळाडू पुढे येऊन गोल करून गेला. सारे मैदान गोल करणाऱ्याच्या नावाने गरजले. मामा मात्र त्या पहिल्यासाठी टाळ्या वाजवीत होते. सामना गिरणीने एका गोलाने गमावला. बाहेर पडताना तोच खेळाडू खांद्यावर पिशवी टाकून बसच्या रांगेत उभा दिसला. मामांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, तो हसून म्हणाला, "उद्या सकाळी कामावर यायचंच आहे."

दूरदर्शनच्या पडद्यावर चेंडूच्या मागोमाग फिरणारे चित्र दिसते. चेंडूवाचून वाट पाहणारा मनुष्य बहुधा चौकटीबाहेर राहतो. मैदानावर तो दिसतो. संघ म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले ते या एका दृश्यावरून.

त्या दिवसाची आणखी एक बाजू सांगितली पाहिजे. माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या ताईनेही येण्याचा हट्ट धरला होता. "तिथं बायकामाणसं येत नाहीत," असे मामा म्हणाले, आणि ते काही खोटे नव्हते. त्या गर्दीत दिसलेल्या स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. रात्री मी आगपेटीच्या काड्या जमिनीवर मांडून ताईला सारा सामना समजावून दिला. सगळे ऐकून घेतल्यावर तिने विचारले, "आणि तो कडेचा माणूस इतका वेळ काय विचार करत असेल रे?" मामांनी मला जे मैदानावर शिकविले होते, ते तिला घरबसल्या उमगले होते. तरीही तिला पुन्हा कोणी नेले नाही.

नोकरीत पुढे माझी बदली कलकत्त्याला झाली. त्या शहरात या प्रश्नाला कुटुंबागणिक निराळे उत्तर मिळते, आणि पुष्कळदा ते आजोबांपासून सुरू होते. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. एक खेळाडू सोडला तर बाकीचे दहाजण अनवाणी खेळले होते. ज्यांना मैदानापर्यंत पोचता आले नाही, त्यांना गोलसंख्या कळावी म्हणून पतंग उडविले गेले, असे त्या दिवसाचे वर्णन आहे. "माझ्या आजोबांनी मैदान पाहिलेच नाही, त्यांनी पतंग पाहिला," असे एका वृद्ध गृहस्थांनी मला सांगितले. तोही एक पहिला सामनाच म्हणावयाचा.

परंतु मला सांगावयाची आहे ती माझ्या कचेरीतील एका सहकाऱ्याची हकीकत. दुपारच्या चहाच्या वेळी मी त्यांना माझा नेहमीचा प्रश्न विचारला. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "दादा, माझा पहिला सामना १६ ऑगस्ट १९८०चा." कलकत्त्यात ही तारीख उच्चारली की पुढे काही सांगावे लागत नाही. ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना चालू असता प्रेक्षकांत मारामारी सुरू झाली, पळापळीत चेंगराचेंगरी झाली आणि खेळ पाहावयास आलेली १६ माणसे प्राणास मुकली. माझे सहकारी तेव्हा सोळा वर्षांचे होते. थोरल्या भावाने त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता म्हणून दोघे सुखरूप बाहेर पडले. घरी पोचले तेव्हा रात्र झाली होती आणि आई दारात उभी होती. ती रागावली नाही, रडली नाही. एवढेच म्हणाली, "या घरातले कोणी पुन्हा मैदानावर जाणार नाही." आणि कोणी गेले नाही. पुढची सतरा वर्षे त्या घरात फुटबॉल आला तो रेडिओवरून आणि पडद्यावरून.

त्या सोळाजणांच्या स्मरणार्थ १६ ऑगस्ट हा दिवस तेथे फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला आणि त्या दिवशी रक्तदान करण्याचा प्रघात पडला. दुःखाचे असे रूपांतर करणारे शहर मला फार मोठ्या मनाचे वाटते.

१९९७ साली फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात पुन्हा हेच दोन संघ समोरासमोर आले. तारीख १३ जुलै, वार रविवार, स्थळ सॉल्ट लेकचे क्रीडांगण. एका बाजूचे मार्गदर्शक अमल दत्त, त्यांच्या हिऱ्याच्या आकाराच्या व्यूहरचनेची सर्वत्र चर्चा. दुसऱ्या बाजूला प्रदीपकुमार बॅनर्जी. सहकाऱ्यांचा आठ वर्षांचा मुलगा हट्टाला पेटला. शेवटी निर्णय आजीकडे गेला. आजींनी एक दिवस काही उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी मुलाला जवळ बोलावून त्या म्हणाल्या, "लवकर जा. हात सोडू नका. गर्दी पांगल्यावाचून जागेवरून उठू नका." मलाही सोबत जाण्याची आज्ञा झाली.

त्या दिवशी तेथे सव्वा लाखाहून अधिक माणसे होती. इतका जनसमूह एकाच वेळी श्वास रोखतो, तेव्हा जी शांतता होते ती मी अन्यत्र अनुभवलेली नाही. ईस्ट बंगालने ४-१ असा विजय मिळविला. बायचुंग भुतियाने तीन गोल केले. माझे सहकारी मोहन बागानचे. चौथ्या गोलानंतर त्यांचा मुलगा हमसून हमसून रडू लागला. पलीकडे लाल-पिवळे निशाण गुंडाळून बसलेले एक गृहस्थ होते. आनंदाने नाचता नाचता त्यांची दृष्टी त्या मुलाकडे गेली आणि ते खाली बसले. आपल्या हातातील झालमुडीचा ठोंगा त्यांनी मुलापुढे धरला आणि म्हणाले, "खा रे बाबा. पुढल्या वेळी मी रडेन." मुलाने डोळे पुसून ती खाल्ली. आजींच्या आज्ञेप्रमाणे आम्ही पायऱ्या रिकाम्या होईपर्यंत बसून राहिलो. घरी आलो तेव्हा त्या दारात उभ्याच होत्या. गोल किती झाले, हे त्यांनी विचारले नाही. तिघे परत आलेले पाहिले आणि पाने मांडावयास आत गेल्या.

वाचकहो, मुलाला मैदानावर पाठविणे हा त्या माऊलीचा किती मोठा विश्वास होता, याचा विचार करा. खेळ मोठा होतो तो केवळ खेळाडूंमुळे नव्हे. शेजारी बसलेला परका मनुष्य आपल्या मुलाला सांभाळून घेईल, या भरवशावर तो उभा असतो. तो भरवसा एकदा मोडला तर सांधण्यास सतरा वर्षे लागतात, आणि कधी कधी ठोंगाभर झालमुडीही त्याला हातभार लावते.

केरळातील मलबारात फुटबॉलचे निराळेच रूप दृष्टीस पडते. तेथे सातजणांचा संघ करून खेळण्याची मोठी परंपरा आहे. कापणी झाली की मोकळ्या शेतात तात्पुरत्या पायऱ्या उभारतात, दिवे लावतात आणि रात्री सामने रंगतात. कोझिकोडच्या माझ्या एका स्नेह्यांनी पहिला सामना वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिला. "मला खेळाडूंपेक्षा दिव्यांभोवतीचे किडेच जास्त आठवतात," असे ते हसून सांगत. तेच स्नेही २ मे २०२२ रोजी आपल्या नातवाला घेऊन मलप्पुरम जिल्ह्यातील पय्यनाडच्या मैदानावर गेले. संतोष चषकाचा अंतिम सामना होता. केरळने बंगालवर पेनल्टींच्या निर्णयाने विजय मिळविला. रमजानचा महिना चालू होता. संध्याकाळी पायऱ्यांवरच रोजा सोडताना शेजाऱ्याने पुढे केलेले खजूर त्या नातवाच्या पहिल्या सामन्याच्या आठवणीत जाऊन बसले आहेत.

इंफाळला गेलो तेव्हा माझा प्रश्नच मला नव्याने ऐकावा लागला. कचेरीतील एका तरुण भगिनीला मी विचारले, "तुम्हांला पहिल्या सामन्याला कोणी नेले? वडिलांनी?" ती म्हणाली, "छे! आजीने." आजीचे बाजारात भाजीचे दुकान होते. ते लवकर आवरून ती नातीला मुलींचा सामना दाखवावयास घेऊन गेली होती. राष्ट्रीय महिला फुटबॉल स्पर्धा १९९१-९२ मध्ये सुरू झाली आणि मणिपूरच्या मुलींनी ती वीसहून अधिक वेळा जिंकली. इंफाळच्याच ओइनाम बेमबेम देवी यांना २०१७ साली अर्जुन पुरस्कार आणि २०२० साली पद्मश्री मिळाली. ज्या गावी आजी नातीला मैदानावर नेते, त्या गावी असे घडावे यात नवल ते काय?

ती हकीकत मी ताईला पत्राने कळविली होती. तिने उत्तरात त्याविषयी अक्षरही लिहिले नाही. पुढे कित्येक वर्षांनी, ३० ऑक्टोबर २०२२ रोजी, नवी मुंबईत डी. वाय. पाटील क्रीडांगणावर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेनने कोलंबियाला १-० असे हरविले. त्या सामन्याला ताई गेली होती. वय वर्षे ६१, हात नातीचा. रात्री तिचा दूरध्वनी आला. गोल कसा झाला, याविषयी ती फारसे बोलली नाही. म्हणाली, "अरे, डाव्या कडेची एक मुलगी सारखी धावत होती. कितीदा तरी चेंडू तिच्याकडे आलाच नाही. पण ती धावायची थांबली नाही बघ." क्षणभर थांबून ती पुढे म्हणाली, "ती काय विचार करत असते, ते मला आज कळलं." काय कळले, ते तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

आता थोडे आजच्या स्थितीविषयी. ज्या रोव्हर्स चषकासाठी मामा पहिली पाळी संपवून धावत जात, ती स्पर्धा २०००-०१ नंतर भरली नाही. गिरण्या बंद पडल्या, त्यांचे संघही गेले. घरोघरी पडदे आले आणि मध्यरात्री जागून युरोपातील सामने पाहणारी तरुण पिढी तयार झाली. त्यात वाईट काही नाही. उत्तम खेळ कोठलाही असो, तो पाहावा. परंतु १ जून २०१८ रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताचा संघ चिनी तैपेईशी खेळला आणि ५-० असा जिंकला, तेव्हा तो पाहावयास अवघे २,५६९ प्रेक्षक होते. एवढ्या मोठ्या महानगरात! कर्णधार सुनील छेत्री यांनी त्या सामन्यात तीन गोल केले होते. त्यांनी राग धरला नाही; देशवासीयांना विनंती केली, की टीका करावयाची असली तरी मैदानावर येऊन करा. तीनच दिवसांनी, ४ जूनला, केनियाविरुद्धच्या सामन्याची सारी तिकिटे संपली. पाऊस कोसळत होता, छेत्री यांचा तो देशासाठीचा शंभरावा सामना होता, आणि भारत ३-० असा विजयी झाला. त्या भिजलेल्या गर्दीत कितीतरी मुले आपला पहिला सामना पाहत असतील. त्यांना आणणारे हात तीन दिवसांपूर्वी घरी होते, आणि एका विनंतीने ते उठले.

म्हणून वाचकहो, माझीही आपणांस एक विनंती आहे. आपण ज्या गावी राहत असाल, तेथे वर्षातून एखादा तरी सामना होतच असेल. जिल्ह्याचा, विद्यापीठाचा, रेल्वेचा किंवा दोन शाळांचा. तो नामांकित असलाच पाहिजे असे नाही. घरातील मुलाला, आणि मुलाइतक्याच अगत्याने मुलीला, तेथे घेऊन जा. लवकर जा, कडेची पण उंचावरची जागा धरा, म्हणजे सारे मैदान दिसेल. सोबत खाण्याचे थोडे अधिक न्या. शेजाऱ्यालाही देता येईल. मुलांना नियम फार सांगत बसू नका, ते त्यांचे त्यांना कळतात. ज्याच्याकडे चेंडू नाही त्याच्याकडे मात्र एकदा बोट दाखवा. शेवटची शिट्टी होईपर्यंत उठू नका, आणि गर्दीत हात सोडू नका. घरात आजवर ज्यांना कोणी नेले नाही अशी आई, आजी, आत्या असेल, तर तिलाही विचारून पाहा. ती कदाचित नको म्हणेल. पुन्हा एकदा विचारा.